हं म्हणण्याआधी

लिफ्टमध्ये चौघं होती आणि त्यातल्या तिघांनी नाक दाबलं होतं. तळमजल्यावर दार बंद होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग कोपऱ्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी रुमाल काढला, वरच्या मजल्यावरच्या लठ्ठ गृहस्थांनी बोटांची चिमूट नाकाला लावली, आणि कानात गाणी घातलेल्या मुलीनं कोपर वर करून त्यात तोंड खुपसलं. चौथी ती. तिच्या हातात पिशवी होती, पिशवीत खाटकानं कागदात गुंडाळून दिलेलं डुकराचं मांस होतं, आणि ती दारावरच्या बदलत्या लाल आकड्याकडे बघत उभी होती. तिला कसलाच वास येत नव्हता. कुणाची कचऱ्याची पिशवी गळली असेल, कुणाचं कुत्रं काही करून गेलं असेल. तिनं खाली बघितलं, फरशी कोरडी, स्वच्छ. मग तिच्या ध्यानात आलं की तिघंही तिच्याकडे बघत नव्हते. अगदी ठरवून बघत नव्हते. भली माणसं ज्याचा वास येतो त्याच्याकडे बघायचं टाळतात. तिनं पिशवी हळूच पाठीमागे नेली. तिचा मजला आला तेव्हा चष्मेवाल्या बाई रुमालाआडून म्हणाल्या, "तुमची मात्र कमाल आहे हं. तुम्हाला तर आमच्या दुप्पट येत असेल." ती हसली आणि बाहेर पडली.

बाई काही चुकीचं बोलल्या नव्हत्या. उभी इमारत तिला ओळखायची ती नाकामुळे. डेअरीत ती दुधाचा वास घेण्याच्या कामावर होती. टँकर फाटकातून आत आला की वरचं झाकण उघडायचं, वाकायचं, एकदा श्वास घ्यायचा आणि सांगायचं, आत घ्या किंवा परत न्या. प्रयोगशाळेतली यंत्रं नंतर. यंत्राला दूध आंबलेलं कळतं. गाईनं काय खाल्लं, कॅन कशानं धुतला, दूध उन्हात किती उभं राहिलं हे कळायला नाक लागतं. डेअरीतले लोक तिला पाठीमागे नाकबाई म्हणत आणि तोंडावर नुसतंच बाई. तिला दोन्ही आवडायचं. तरुणपणी दिसण्याबद्दल कुणी बरं म्हटलं नव्हतं, स्वयंपाकाबद्दलही नाही, पण नाकाबद्दल सगळ्यांनी मान डोलावली होती, आणि माणसाला कशाचा तरी तोरा लागतोच. त्या तोऱ्यावर तिनं आयुष्य काढलं. मग सर्दी झाली. साधी, चारचौघांना होते तशी सर्दी. ती गेली आणि जाताना वास घेऊन गेली. सुरुवातीला तिनं वाफा घेतल्या, ओव्याच्या पुरचुंड्या हुंगल्या, उशीला तोंड दाबून रडली. येईल, म्हणाली. तोपर्यंत कामावर काय करायचं? टँकरचं झाकण उघडताना ड्रायव्हर शेजारी उभा असतो. ती वाकायची, श्वास घ्यायची, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायची. त्यानं मान वळवली नाही तर दूध आत. आयुष्यात पहिल्यांदा ती माणसांची तोंडं बघून दूध पास करत होती, आणि आजवर काहीच बिघडलं नव्हतं. हीच तर भीती होती. काहीतरी बिघडलं असतं तर निदान कुणीतरी विचारलं असतं.

नवऱ्यानं दार उघडलं ते हातात कापलेल्या कांद्याची ताटली घेऊनच. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. आता घरात काही कार्यक्रम असला की सकाळपासून मोहिमेवर निघाल्यासारखा वागायचा. टेबलावर चार जागा मांडून झाल्या होत्या, ग्लास उलटे ठेवले होते, पास्त्याचा डबा आणि मिरपूड ओट्यावर शिस्तीत उभी होती. त्यानं पिशवी घेतली, तोलून बघितली. "भरपूर आणलंयस. वास घेतलास?"

"घेतला," ती म्हणाली.

तिनं काही ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो शब्द आपणहून तोंडातून गेला. चपला काढेपर्यंत तो फोनवर होता. "हो हो, आणलंय. आईनं वास घेतलाय, एक नंबर आहे म्हणते. तू फक्त ये." पलीकडून लेकीचं हसणं पुसटसं ऐकू आलं. एक नंबर आहे असं ती म्हणाली नव्हती. पण तो नेहमीच तिच्या एका शब्दाचे चार करायचा, आणि आज तो फोन त्याच्या हातून काढून घ्यायला हवा होता हे तिला फोन ठेवल्यावर सुचलं.

कारण आणखी एक गोष्ट होती, ती तिनं त्याला सांगितली नव्हती. खाटकाचं दुकान आज दुपारनंतर बंद असतं म्हणून तिनं सकाळीच कामावर जाताना मांस घेतलं होतं आणि डेअरीतल्या बायकांच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. त्या खोलीत भिंतीला एकच पॉइंट. चहाची किटली लावायची तर फ्रिजचा प्लग काढावा लागतो, आणि किटली लावणारी प्रत्येक बाई मनाशी म्हणते की जाताना परत लावेन. संध्याकाळी तिनं फ्रिज उघडला तेव्हा आतला दिवा लागला नव्हता. प्लग जमिनीवर पडला होता. कधीपासून, कोण जाणे. हजारो लिटर दूध रात्रंदिवस गार ठेवणाऱ्या डेअरीत एवढासा फ्रिज कोणाच्या लक्षात राहणार? तिनं पुडक्याला हात लावून बघितला. ते गार नव्हतं आणि कोमटही म्हणता येत नव्हतं. एरवी तिनं तिथंच कागद सोडून एक श्वास घेतला असता आणि काय ते मिटलं असतं. तिनं कागद सोडला, श्वास घेतला, आणि खोलीतल्या पिवळट भिंतीकडे बघत राहिली. आत काहीच शिरलं नाही. नुसती हवा.

ओट्यापाशी दिव्याखाली तिनं कागद पुन्हा सोडला. मांस गुलाबी होतं. कडांना करडं होतं, पण करडेपणा कागदाच्या दाबानंही येतो. बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि भरला; भरायला जरा वेळ लागला की तिलाच तसं वाटलं? चिकट होतं का? ओलं होतं. ओलं आणि चिकट यांतला फरक इतकी वर्षं नाकानं सांगितला होता, बोटांना कधी शिकवलाच नव्हता. तिनं एक तुकडा धुऊन पुन्हा चोळून बघितला आणि आता बोटं आपल्याला फसवताहेत असं तिला वाटायला लागलं. शेजारच्या गॅलरीच्या कठड्यावर मांजर बसलं होतं. नवरा टेबलापाशी आहे हे बघून तिनं खिडकीतून एक बारीक तुकडा तिकडे टाकला. मांजरानं तो हुंगला, तिच्याकडे पाहिलं आणि शेपटी उडवत निघून गेलं. पण ते मांजर तसंही पाकिटातलंच खातं. एवढे लाड झालेल्या मांजराची साक्ष काय धरायची, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि तो तुकडा कठड्यावर तसाच पडून राहिला.

टाकून द्यावं. सरळ पिशवीत गुंडाळावं आणि म्हणावं, खराब निघालं. नवरा कुरकुरला असता, अंडी उकडली असती, विषय संपला असता. पण घेतला, एक नंबर आहे, हे शब्द लेकीपर्यंत पोचले होते. आणि लेक कित्येक दिवस कशालाच शिवत नव्हती. भात बघितला की उलटी, भाजी चिरल्याच्या आवाजानं उलटी. कोरड्या बिस्किटांवर आणि पाण्यावर पोरगी दिवस काढत होती. काल फोनवर म्हणाली, "आई, मला एकच गोष्ट खावीशी वाटतेय. तू ते क्रीमचं करायचीस ना, पोर्क घालून, पास्ता. ते. दुसरं काही नको." डोहाळे लागलेल्या लेकीनं आईकडे तोंडानं मागितलेलं. बाजारात दुसरीकडे मिळेल का, म्हणून तिनं घड्याळाकडे बघितलं. लेक आणि जावई घरून निघालेसुद्धा होते. शिवाय मनाच्या तळाशी दुसरं एक होतं, ते तिला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं. आज भीतीनं हे टाकलं तर उद्या दूध टाकायला लागेल, परवा पाव. मग नवरा विचारेल, तुला झालंय काय? आणि मग सांगावं लागेल. एकदा सांगितलं की ते खरं होऊन बसेल. डेअरीत तिला खुर्ची देतील, समोर कुठलीतरी रजिस्टरं ठेवतील, आणि फाटकापाशी दुसरी कुणीतरी वाकेल.

तिनं कढई तापवली. तेल, मग कांदा, मग ठेचलेला लसूण. घर आता वासानं भरलं असणार. नवरा बाहेरून म्हणाला, "आहाहा!" तिच्यापर्यंत नुसता चरचर आवाज आला. वास नसला की स्वयंपाक बहिऱ्या माणसासमोर वाजणाऱ्या बाज्यासारखा होतो. सगळे हात हलतात, काही पोचत नाही. कांदा लाल झालेला तिला डोळ्यांनी बघावा लागत होता, लसूण जळायच्या आधीचा क्षण चुकला तर चुकला. तिनं मांसाचे तुकडे घातले आणि आच मोठी केली. चांगलं करपेपर्यंत परतायचं, आत काही असेलच तर मरेल. मग आठवलं, डेअरीतल्या नव्या मुलींना तिनंच शिकवलं होतं की खराब झालेलं उकळून चांगलं होत नाही, उकळून फक्त गरम होतं. मुली हसल्या होत्या. तुकडे आता बाहेरून तांबूस दिसत होते. सुंदर दिसत होते, आणि तिला त्याचा राग आला.

हे घर एका शब्दावर जेवत होतं. लेक चार वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला गेली होती आणि तिथलं काहीतरी खाऊन आली होती. ताप, जुलाब, डोळे आत गेलेले, सलाईनच्या नळीला बांधलेला एवढासा हात. ती बरी होऊन आली तेव्हा काही म्हणता काही खायला तयार नव्हती. घास पुढे केला की ओठ घट्ट. मग एक दिवस आईनं पातेल्यावर वाकून मोठ्यानं श्वास घेतला होता, डोळे मिटले होते, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हटलं होतं, "हं." पोरगीनं तोंड उघडलं. तेव्हापासून ते सुरूच राहिलं. पातेलं टेबलावर आलं की आई वाकणार, हं म्हणणार, मगच चमचे उचलायचे. लेकीनं त्याचं क्रियापदच करून टाकलं: आई, हं केलंस? अजून हं केलं नाहीये, बाबा, थांबा. पुढे लग्न होऊन जावई आला. दातांचा डॉक्टर, सगळ्या गोष्टींना पुरावा मागणारा. पहिल्याच जेवणात त्यानं घाईनं चमचा उचलला आणि बायकोनं त्याच्या हातावर चापट मारली. आता तोसुद्धा हात मांडीवर ठेवून वाट बघतो. घरात दूध, शिळा भात, दोन दिवसांचा शर्ट, पावसाळ्यातली चादर, सगळं तिच्या नाकाखालून जायचं. इतरांनी वास घेणं कधीच सोडून दिलं होतं. गरजच काय होती?

आणि मग गेलं वर्ष. पाचवा महिना सरत आला असताना लेकीचं जे गेलं ते. डॉक्टर म्हणाल्या, कारण सांगता येत नाही, असं होतं कधीकधी. लेकीला कारण हवं होतं. एका दुपारी फोन आला. आवाज अगदी कोरडा. "आई, त्या आठवड्यात मी ऑफिसच्या खाली काहीतरी खाल्लं होतं. मला तेव्हाच जरा वेगळं लागलं होतं. पण भूक होती म्हणून खाल्लं. तू असतीस तर वास घेतला असतास." त्यावर ती म्हणाली होती, "अगं वेडे, त्यानं नसतं झालं." म्हणाली खरी. पण फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ त्या न पाहिलेल्या, न हुंगलेल्या ताटलीचा विचार करत बसली होती. आता पुन्हा दिवस गेले होते. लेक जपून बोलत होती, जपून चालत होती, आणि जेवायला इथं येत होती, कारण इथं आई होती.

तिनं क्रीमचं पाकीट कापलं. तिच्याच डेअरीचं. कुठल्या टँकरचं, कुठल्या ड्रायव्हरच्या तोंडावरून तिनं हे आत घेतलं असेल? पांढरी धार कढईत पडली, तांबूस रसात मिसळली, बुडबुडे यायला लागले. दुसऱ्या शेगडीवर पास्ता उकळत होता. तिनं मीठ, मिरपूड घातली, चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. खारट कळलं. जिभेला तिखट झोंबलं. गरम, स्निग्ध, खारट, आणि त्यापलीकडे दार बंद. हा रस उत्तम असू शकत होता. हा रस नासका असू शकत होता. दोन्ही तोंडात अगदी सारखेच लागले असते.

"अहो," तिनं हाक मारली. "जरा इकडे या. हे बघा बरं कसं झालंय. वास घ्या."

तो हसतच आत आला. "मी? मी घेऊ वास? उद्या म्हणशील टँकरवर जा."

"घ्या हो. गंमत म्हणून."

"तू असताना मी कशाला नाक खुपसू?" त्यानं कढईकडे बघितलं, खरंच नुसतं बघितलं, आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. "छान दिसतंय. पोरगी खूश होईल." बेल वाजली आणि तो दाराकडे धावला. तिच्या मनात आलं, त्याला दंडाला धरून कढईवर वाकवावं, मान दाबून. हातात झारा होता. तिनं गॅस बारीक केला.

लेक आत आली ती थेट स्वयंपाकघरात. चेहरा उतरलेला, गळ्याची हाडं वर आलेली, पोट अजून कुणाला कळणार नाही इतकंच. घरात तिला सगळे ठकी म्हणत. तिशी उलटली तरी ठकीच. दारातच तिनं ओढणीचं टोक नाकाला लावलं. "आई, रागावू नकोस हं. मला सगळ्याचाच वास येतो. लिफ्टमध्ये तर शिसारीच आली."

"लिफ्टमध्ये?" ती एकदम वळली. "कसला होता वास?"

"काय माहीत. काहीतरी मेल्यासारखा. ह्यांना विचार, ह्यांना तर काहीच येत नाही."

"माझ्या नाकात दिवसभर लवंगेचं तेल बसलेलं असतं," जावई बाहेरूनच म्हणाला. "मला विचारून उपयोग नाही, आई."

लिफ्टमध्ये वास अजून होता. म्हणजे तो पिशवीचा नव्हता. की पिशवीतून काही गळलं होतं? कागद तळाशी ओला होता का? तिनं कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं. कागद चुरगळलेला, त्यावर कांद्याची सालं, सगळंच ओलं. त्यावरून काहीच ठरत नव्हतं. ठकी तिच्या पाठीला पाठ टेकून उभी राहिली होती, लहानपणी उभी राहायची तशी. "आई, भूक लागलीय गं," ती म्हणाली. "कितीतरी दिवसांनी खरी भूक लागलीय."

पातेलं टेबलावर आलं. नवऱ्यानं दिवा मोठा केला. पास्त्यावर क्रीमचा रस चकाकत होता, मांसाचे तुकडे मधूनमधून डोकावत होते, वाफ सरळ वर चालली होती. सगळ्यांच्या ताटल्या भरल्या. सगळे हात मांडीवर गेले. कुणी काही बोललं नाही, बोलायचं नसतंच. तीन चेहरे तिच्याकडे वळले, निवांत, लहान मुलांसारखे भरवसा टाकलेले. आता म्हणावं. आत्ता, हीच वेळ. ती वाकली. वाफेनं चेहरा ओला झाला, पापण्या जड झाल्या. तिनं जितका घेता येईल तितका श्वास आत घेतला, अगदी पोटापर्यंत, कुठेतरी एखादा तरी धागा लागेल म्हणून. आत अंधार होता. ती वर आली आणि म्हणाली, "हं."

जावयानं लगेच सुरुवात केली. नवऱ्यानं पहिल्या घासालाच मान हलवली. ठकीनं काटा तोंडाशी नेला आणि थांबली. तिच्या नाकपुड्या फुलल्या, ओठ बाजूला ओढले गेले. आईनं ते स्पष्ट पाहिलं. अगदी तसाच चेहरा, नासक्या टँकरपाशी ड्रायव्हरचा होतो तसा.

"आई," ठकी म्हणाली, "मला याला कसलातरी वास येतोय."

"तुला काल पाण्याला वास येत होता," जावई म्हणाला.

"आईनं हं केलंय ना?" नवरा म्हणाला. "मग झालं तर."

ठकीनं आईकडे पाहिलं. त्या नजरेत शंका नव्हती, असती तर बरं झालं असतं. "तू नीट घेतलास ना गं?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःवरच हसली. "काय विचारतेय मी तरी." मग लहानपणी औषध घ्यायची तसे डोळे गच्च मिटले, घास तोंडात घातला, चावला, गिळला. गळ्यापाशी तो उतरताना दिसला. तिनं डोळे उघडले, त्यांत पाणी होतं, आणि शहाण्या मुलीसारखा दुसरा घास उचलला.

"थुंक," आई म्हणाली.

कुणाला कळलं नाही. दुसरा घास तोंडात गेला होता. ती उठली, खुर्ची मागे पडली, तिनं लेकीच्या तोंडापुढे ओंजळ धरली. "थुंक आधी. थुंक म्हणते ना! मला वास येत नाही. कशाचाच येत नाही. सर्दी झाली तेव्हापासून येत नाही."

ठकीनं घास तिच्या ओंजळीत टाकला. तो कोमट होता. जावयाची अर्धी ताटली संपली होती, तो तिच्याकडे आणि मग ताटलीकडे बघत होता. "अगं पण मघाशी तर," नवरा म्हणाला आणि थांबला. मग तिनं फ्रिजचं सांगितलं, प्लगचं सांगितलं, मांजराचंसुद्धा सांगितलं. सांगताना तिला वाटलं होतं आरडाओरडा होईल. कुणी ओरडलं नाही. नवऱ्यानं पातेलं स्वतःकडे ओढलं, त्यावर वाकला आणि श्वास घेतला. पुन्हा घेतला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, वर्गात नकाशावरचं गाव सापडेना की पडायच्या तशा. "मला तर क्रीमचा येतोय," तो म्हणाला. "लसणाचा येतोय. चांगलाच आहे, नाही का? खराब असलं म्हणजे कसा येतो?" त्यानं पातेलं जावयाकडे सरकवलं. जावई वाकला, सरळ झाला, हात हलवून नाही म्हणाला. मग ठकीनं ते ओढून घेतलं. ती फार वेळ वाकून राहिली. वाफ आता कमी झाली होती. "मला नासल्यासारखंच वाटतं," ती हळूच म्हणाली. "पण मला सगळंच तसं वाटतं."

पातेलं टेबलाला वळसा घालून तिच्यापुढे आलं. ती अजून ओंजळ धरून उभी होती. तिघांनीही तिच्याकडे पाहिलं, ती आता काय म्हणते ते ऐकायला. ठकीचा एक हात पोटावर होता.

"आई," ती म्हणाली, "सांग ना."